चार्जशीटमध्ये जे लावलंच नाही ते कसं मागायचं: साक्षीदार किती भरवशाचा हे दाखवणारे कागद मिळवण्याची पद्धत

चार्जशीटच्या नकला हातात आल्या की आरोपीच्या घरचे लोक एक चूक हमखास करतात, आणि नवीन ज्युनियर वकीलही करतात, ती म्हणजे तो गठ्ठा म्हणजेच अख्खी केस असं धरून चालतात. पण तो गठ्ठा म्हणजे पोलिसांनी तपासात गोळा केलेल्यातलं त्यांना जे कोर्टात लावायचंय तेवढंच असतं. जे लावलं नाही ते कुठंतरी कपाटात, पेन ड्राइव्हमध्ये, स्टेशनच्या फाइलीत पडलेलं असतं आणि कित्येकदा साक्षीदार खरा की खोटा हे नेमकं त्यातूनच कळतं.

एक उदाहरण घेतो, हेच पुढं धरून चालू. रात्री साडेदहाला गल्लीत मारामारी झाली, एकजण गंभीर जखमी झाला, समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने वरून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा जबाब झाला, त्यात तो म्हणाला की दोघं पळताना दिसले पण लाइट नव्हती म्हणून चेहरे दिसले नाहीत. बारा दिवसांनी त्याचाच पुरवणी जबाब झाला आणि त्यात मात्र आरोपीचं नाव, शर्टाचा रंग, हातातली सळई, सगळं आलं. आता चार्जशीटला फक्त हा दुसरा जबाब लावला तर कोर्टापुढं एक पक्का नेत्रसाक्षीदार उभा राहतो आणि बचावाच्या वकिलाकडं उलटतपासात विचारायला काहीच उरत नाही. पहिला जबाब हातात आला की तीच केस पूर्ण वेगळी दिसते. माणसाची दहा वर्षं तुरुंगात जायची की नाही हे एका कागदावर ठरू शकतं, म्हणून हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो.

आधी हे समजून घ्या की देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, उपकार नाही

अमेरिकेत याचे दोन निकाल फार गाजलेले आहेत. १९६३ च्या ब्रेडी केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीला फायद्याचा महत्त्वाचा पुरावा त्याने मागूनही सरकार पक्षाने दडवला तर ती खटल्याची योग्य प्रक्रियाच होत नाही. मग १९७२ ला जिलिओ केस आली. त्यात आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा एकच साक्षीदार होता, बँकेतला कॅशियर, तो स्वतःच गुन्ह्यात सामील होता, आणि एका सरकारी वकिलाने त्याला शब्द दिला होता की तू साक्ष दे, तुझ्यावर केस करणार नाही. खटला चालवणारा सरकारी वकील दुसराच होता, त्याला हे माहीतच नव्हतं, त्याने ज्युरीला सांगितलं की असा काही शब्द दिलेला नाही. कोर्टाने शिक्षा रद्द करून नवा खटला चालवायला सांगितलं आणि म्हटलं की सरकारी वकिलांचं ऑफिस एकच आहे, एकाने दिलेला शब्द हा सगळ्यांचाच. हा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण आपल्याकडंही "मला आय.ओ.ने (म्हणजे तपासी अंमलदाराने, तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याने) सांगितलंच नाही" हे उत्तर सर्रास ऐकू येतं.

आपल्याकडं "साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा पुरावा द्या" असं सरळ लिहिलेलं एकच कलम नाही, तुकडे जोडावे लागतात. पहिला तुकडा बीएनएसएसचं (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम २३०, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं २०७. त्यानुसार चार्जशीट, एफआयआर, ज्यांना साक्षीदार म्हणून तपासायचंय त्या सगळ्यांचे पोलिसांपुढचे जबाब, मॅजिस्ट्रेटपुढचे जबाब आणि चार्जशीटसोबत पाठवलेले बाकीचे कागद, हे सगळं फुकट द्यायचं, आणि आरोपी हजर झाल्यापासून फार तर १४ दिवसांत. दुसरा तुकडा सुप्रीम कोर्टाचे निकाल. २०१० च्या मनू शर्मा निकालात कोर्टाने म्हटलं की कागद मिळण्याचा हक्क मर्यादित असला तरी न्याय्य खटल्याचा पाया तोच आहे. २०१२ च्या शशिकला निकालात आलं की कोर्टात पाठवलेले पण निशाणी न पडलेले, म्हणजे पुराव्यात नंबर न लागलेले, कागदही आरोपीला बघता आले पाहिजेत. मग २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल सुप्रीम कोर्टाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात नियमांचा मसुदा मंजूर झाला, त्यात स्पष्ट आहे की तपासी अंमलदार ज्यावर भिस्त ठेवत नाही त्या जबाबांची, कागदांची, वस्तूंची यादी आरोपीला द्यायची. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हे सगळ्या फौजदारी खटल्यांत नियम म्हणून पाळा. आणि मे २०२५ मध्ये सरला गुप्ता निकालात ईडीच्या केसेसमध्येही भिस्त न ठेवलेल्या कागदांची यादी आरोपीला मिळालीच पाहिजे असं आलं.

एक बारकावा आहे जो बरेचजण सोडून देतात. ज्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे त्याचे सगळे पोलिस जबाब कलम २३० खाली थेट मिळायला हवेत, पहिला असो की पुरवणी, त्यांना आवडणारा असो की नको असलेला. त्यासाठी "यादी द्या" म्हणायची गरज नाही, सरळ नक्कल मागायची. यादीची गरज पडते ती ज्यांचे जबाब घेतले पण साक्षीदारच केलं नाही अशा लोकांसाठी आणि जप्त करून बाजूला ठेवलेल्या वस्तूंसाठी. आपल्या उदाहरणातला तो सकाळचा जबाब पहिल्या प्रकारात येतो.

पायरी १: नकला मिळाल्या त्याच दिवशी बसून मोजा

सही करण्याआधी मोजा. कारकून म्हणतो "इथं करा सही, सगळं आहे", आणि घाईत सही होते, नंतर म्हणतात आरोपीला सगळ्या नकला मिळाल्याची पोच आहे. पानांचे नंबर बघा, मधला नंबर गायब आहे का, वाचता न येणारी झेरॉक्स आहे का, सीडी किंवा पेन ड्राइव्ह यादीत आहे पण हातात नाही असं आहे का. जे नाही ते पोच देतानाच सहीच्या वर हाताने लिहा, "पान ४१ ते ४६ मिळाले नाहीत, पेन ड्राइव्ह मिळाला नाही". एवढ्या दोन ओळी वर्षभराने फार कामाला येतात.

मग खरं वाचन. वाचायचं कसं तर जे लिहिलंय त्यातून जे नाही त्याच्या खुणा शोधत. जबाबावर "पुरवणी जबाब" लिहिलंय तर मूळ जबाब कुठाय? "मी यापूर्वी सांगितल्याप्रमाणे" असं वाक्य आलंय तर यापूर्वी कधी, कुणाला? साक्षीदारांच्या यादीत बावीस नावं आणि जबाब एकोणीसच आहेत का? घटनास्थळ पंचनाम्यात कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याचा उल्लेख आहे पण फुटेज कुठंच नाही? फोन जप्त केला, लॅबला पाठवल्याचं पत्र आहे, रिपोर्ट नाही? ११२ ला कोणी फोन केला होता का, त्याची नोंद? ओळख परेड झाली असेल तर तिचं पूर्ण मेमोरँडम आहे की नुसतं "साक्षीदाराने ओळखले" एवढं एका पानावर आहे, कारण परेडला तीन साक्षीदार नेले आणि एकाने ओळखलं तर बाकी दोघांनी काय केलं हे कळायला पाहिजे. जखमीला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली हकीकत आहे का? पोलिस येण्याआधी सांगितलेली असते ती, तिथं "अनोळखी इसमांनी मारले" असं लिहिलेलं असलं तर नंतर नावं कशी आली हा प्रश्न उभा राहतोच.

जबाबात काळं केलेलं किंवा वगळलेलं काही दिसलं तर पोलिसांना तसं करता येतं, कलम १९३ मध्ये तशी सोय आहे, पण त्यासाठी कारणांची टीप मॅजिस्ट्रेटकडं द्यावी लागते आणि तो भाग आरोपीला द्यायचा का ते मॅजिस्ट्रेट ठरवतात. म्हणजे टीप आणि आदेश दोन्ही रेकॉर्डवर असायला हवेत. नसतील तर विचारा.

पायरी २: प्रत्येक साक्षीदाराचं एक पान करा

वही घ्या, एका साक्षीदाराला एक पान. वरती नाव आणि तो काय सिद्ध करायला आणलाय ते, खाली हा माणूस खोटं बोलत असेल किंवा चुकत असेल तर त्याचं कारण काय असू शकतं ते. कारणं तशी ठरलेली असतात. आधी वेगळं सांगितलं होतं, किंवा महत्त्वाचं काही आधी सांगितलंच नव्हतं. काहीतरी मिळालंय किंवा मिळणार आहे, म्हणजे त्याच्यावरची केस बंद झाली, जामिनाला सरकारी वकिलांनी विरोध केला नाही, पैसे, नोकरी. आरोपीशी जुनं वैर किंवा फिर्यादीशी नातं, भागीदारी, उधारी. आधीची शिक्षा किंवा चालू गुन्हा. नीट बघता-ऐकता येण्यात अडचण, जसं चष्मा, अंतर, उजेड, दारू, औषधं. पोलिस साक्षीदार असेल तर त्याची खात्यातली चौकशी, दुसऱ्या निकालात कोर्टाने त्याच्यावर ओढलेले ताशेरे.

पंचांचं पान वेगळं आणि जरा निवांत करा. तोच पंच त्याच पोलिस स्टेशनच्या पाच-सहा केसेसमध्ये सापडतो असं होतं, अशा सराईत पंचाकडं कोर्ट संशयाने बघतं, आणि ही माहिती सरकार पक्षाच्या हातात असतेच कारण पंचनामे त्यांचेच असतात.

आता प्रत्येक कारणापुढं लिहा की हे कुठल्या कागदावरून दिसेल आणि तो कागद कुणाकडं असेल. आपल्या नेत्रसाक्षीदाराच्या पानावर असं येईल: पहिला जबाब, पोलिस स्टेशन, रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार, नगरपालिका किंवा वीज कंपनी, त्याच्यावर काही गुन्हा आहे का, ई-कोर्ट्स आणि पोलिस, खिडकी ते घटनास्थळ अंतर, पंचनाम्याचा नकाशा. हे पान झालं की पुढचे अर्ज जवळपास आपोआप लिहून होतात, आणि कोर्टालाही दिसतं की हा माणूस अंधारात दगड मारत नाहीये.

पायरी ३: यादीचा अर्ज, लेखी, चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) व्हायच्या आधी

तोंडी मागू नका. तोंडी मागितलेलं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, येत नाही आणि रोजनाम्यात नाही ते झालंच नाही. अर्ज छोटा ठेवा, चार-पाच परिच्छेद पुरे. मुख्य मागणी साधारण अशी (साक्षीदार क्र. ४ म्हणजे आपला तो नेत्रसाक्षीदार):

"सदर प्रकरणी तपासी अंमलदार यांनी तपासादरम्यान नोंदविलेले जबाब, जप्त केलेले कागदपत्र, वस्तू व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांपैकी ज्यांवर सरकार पक्ष भिस्त ठेवत नाही, त्या सर्वांची यादी आरोपीस देण्याबाबत आदेश व्हावा. तसेच साक्षीदार क्र. ४ यांचा पुरवणी जबाब दोषारोपपत्रासोबत असून मूळ जबाब जोडलेला नाही, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम २३० प्रमाणे देण्याचा आदेश व्हावा. असे कोणतेही जबाब अथवा कागद अस्तित्वात नसल्यास तसे तपासी अंमलदार यांनी लेखी म्हणणे द्यावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. कारण सरकार पक्षाचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, बहुतेक वेळा "अर्ज नामंजूर व्हावा, सर्व नकला दिलेल्या आहेत" एवढाच येतो, त्यात काही नाहीच असं कोणी म्हणत नाही. आय.ओ.ला "दुसरा जबाब अस्तित्वात नाही" असं सहीनिशी लिहून द्यायला लागलं की तो फाइल उघडून बघतो, आणि लिहून दिल्यावर पुढं तो जबाब निघाला तर तो प्रश्न त्याच्या स्वतःच्या साक्षीचा होतो. अर्जात मनोज निकालाचा आणि २०२१ च्या मसुदा नियमांचा उल्लेख करा, निकालाची प्रत जोडा, तुमच्या हायकोर्टाने ते नियम आपल्या फौजदारी नियमावलीत घेतलेत का ते बघून तो नियमही टाका.

वेळेचं गणित लक्षात ठेवा, नव्या कायद्याने मुदती कडक केल्यात. मॅजिस्ट्रेटकडच्या वॉरंट केसमध्ये डिस्चार्जचा, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच केसमधून सोडण्याचा, अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो, सेशन केसमध्ये कमिटल झाल्यापासून, म्हणजे मॅजिस्ट्रेटने केस सेशन कोर्टाकडं पाठवल्यापासून, ६० दिवसांत. म्हणून नकला अपुऱ्या असतील तर पहिल्याच तारखेला लेखी सांगा, म्हणजे दिवस कधीपासून मोजायचे यावर बोलता येतं. आणि कलम ३३० खाली कागद कबूल की नाकबूल ते नकला मिळाल्यापासून ३० दिवसांत सांगायचं असतं, तिथं घाईत पंचनामा "कबूल" करून टाकला तर त्या पंचाला बोलावून विचारायची संधी बहुधा हातची जाते. ज्या कागदामागच्या माणसाच्या विश्वासार्हतेवर तुमचा प्रश्न आहे तो कागद कबूल करू नका.

पायरी ४: नेमका कागद हवा असेल तर कलम ९४

यादी आली, त्यात अकरा नंबरला एखादा जबाब दिसला, किंवा यादी नाहीच आली पण तुम्हाला पक्कं माहीत आहे की कॅमेऱ्याचं फुटेज जप्त झालंय, तर बीएनएसएस कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या ९१ खाली, तो कागद किंवा उपकरण हजर करायचा आदेश मागायचा. इथं अडचण येते ती २००५ साली छापून आलेल्या देबेंद्रनाथ पाधी निकालाची, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की चार्ज फ्रेम करायच्या टप्प्यावर आरोपीला आपल्या बचावाचे कागद मागवता येत नाहीत, आणि सरकारी वकील हाच निकाल दाखवतात. त्यावर उत्तर नित्या धर्मानंद निकालात आहे, डिसेंबर २०१७ चा, की तपास यंत्रणेने किंवा सरकारी वकिलांनी अस्सल दर्जाचा पुरावा मागं ठेवलाय असं कोर्टाला दिसलं तर चार्जच्या टप्प्यावरही तो मागवता येतो. पण तिथं नुसता संशय चालत नाही, तुम्हाला दाखवावं लागतं की ती वस्तू आहे, त्यांच्याकडं आहे आणि तिच्यामुळं फरक पडतो. चार्जच्या वेळी नाही मिळालं तर नाउमेद होऊ नका, साक्षीपुराव्याच्या वेळी आणि बचावाच्या टप्प्यावर पुन्हा मागता येतं, फक्त आधीचा अर्ज रेकॉर्डवर असला की दुसऱ्याला वजन येतं.

केस डायरी, म्हणजे आय.ओ.ची तपासाची रोजची नोंदवही, मागू नका. कलम १९२ प्रमाणे आरोपीला ती मागायचा किंवा बघायचा हक्क नाही आणि अर्जात "केस डायरी द्यावी" असं एक वाक्य आलं की अख्खा अर्ज त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो. पण कोर्टाला स्वतःला ती मागवून बघता येते, तेव्हा विनंती अशी करा की कोर्टाने डायरी बघून अमुक तारखेला साक्षीदार क्र. ४ चा जबाब झाला होता का एवढं तपासावं. आणि आय.ओ. पिंजऱ्यात उभा राहून डायरी बघून उत्तरं द्यायला लागला तर त्याने जेवढा भाग वाचला तेवढा बघून त्यावर विचारायचा हक्क तुम्हाला तिथल्या तिथं मिळतो, तेव्हा लक्ष ठेवा, हे क्षण पटकन निघून जातात. तसंच खबऱ्याचं नाव पोलिसांकडून जबरदस्तीने काढून घेता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

मेमरी कार्ड, फुटेज, ऑडिओ हेही कागदच, २०१९ च्या गोपालकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टाने ते सांगितलंय, त्यामुळं क्लोन कॉपी मागता येते. मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर कॉपी मिळत नाही, वकील आणि तज्ज्ञासोबत बघायला मिळतं, आणि ते तसंच असायला पाहिजे.

पायरी ५: माफीचा साक्षीदार असेल तर

जिलिओ केससारखी परिस्थिती आपल्याकडं इथं येते. सहआरोपीला माफी देऊन साक्षीदार केलं की मॅजिस्ट्रेटला कलम ३४३ प्रमाणे माफी का दिली याची कारणं आणि त्याने ती स्वीकारली की नाही हे लिहून ठेवावं लागतं, आणि आरोपीने अर्ज केला की त्याची नक्कल फुकट द्यावी लागते. कायद्यात इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही हा अर्ज करायचा राहून जातो. करा. त्यासोबत त्याचा माफीआधीचा प्रत्येक जबाब, त्याच्या जामीन अर्जावरचा सरकार पक्षाचा से आणि त्याच्यावरच्या दुसऱ्या गुन्ह्यांची सद्यस्थिती मागा. से दोन-तीन तारखांचे शेजारी ठेवून वाचा, आधी "गंभीर गुन्हा, फरार होईल" आणि मग अचानक "योग्य तो आदेश व्हावा" असं झालं असेल तर मधल्या काळात काय ठरलं हा प्रश्न उलटतपासात विचारायचाच. खरं सांगायचं तर अधिकृत माफीपेक्षा जास्त नुकसान करते ती अनधिकृत, ज्यात माणसाला आरोपीच केलं नाही आणि थेट साक्षीदार केलं. एफआयआरमध्ये ज्याचं नाव संशयित म्हणून आहे तोच चार्जशीटमध्ये साक्षीदार झालाय का हे बघायला दहा मिनिटं लागतात.

पायरी ६: स्वतःही शोधा, पण साक्षीदाराच्या वाटेला जाऊ नका

ई-कोर्ट्सवर नावाने केसेस शोधता येतात. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळं संवेदनशील सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर येतात. दुसऱ्या केसच्या निकालात तोच पंच किंवा तोच आय.ओ. असेल तर प्रमाणित नक्कल काढा, झेरॉक्सवर विसंबू नका. माहिती अधिकारातून पोलिसांकडून तपासाचे कागद मिळणं अवघड, तपासाला बाधा येईल म्हणून नाकारतात, पण वीज कंपनी किंवा नगरपालिकेकडची दिव्यांची नोंद मिळायला अडचण नसते.

फुटेजची घाई करा. पोलिस स्टेशनमधल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा असं २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सांगितलंय, पण दुकानातला, सोसायटीतला डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, काही दिवसांतच जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. मोबाइल कंपन्याही कॉल डिटेल्स कायम ठेवत नाहीत. म्हणून "द्या" हा अर्ज नंतर करा, "जपून ठेवा" हा अर्ज आधी करा, अटक झाल्याच्या आठवड्यातच.

आणि हे कळकळीने सांगतो, साक्षीदाराला भेटायला जाऊ नका, फोन करू नका, नातेवाइकांकरवी निरोप पाठवू नका. हेतू कितीही साफ असला तरी तो दबाव ठरतो, जामीन जातो, नवा गुन्हा दाखल होतो, आणि तुमच्या हातातला खरा कागदही मग धमकी देऊन मिळवल्यासारखा दिसतो. लैंगिक गुन्ह्याच्या केसमध्ये पीडितेच्या चारित्र्यावर किंवा पूर्वीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला कायद्यानेच बंदी आहे, विश्वासार्हतेच्या नावाखाली तो रस्ता शोधूच नये.

पायरी ७: हातात आलेला कागद उलटतपासात कसा वापरायचा

इथं बरेचजण हातातला घास घालवतात. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नाही, त्यावर साक्षीदाराची सहीही नसते, त्याचा बचावाला उपयोग एकच, विसंगती दाखवायला, आणि त्याची पद्धत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये आहे. आधी साक्षीदाराकडून सरतपासातलं, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना केलेलं, विधान पक्कं करून घ्या. मग जबाबातला नेमका भाग त्याला दाखवा किंवा वाचून दाखवा आणि विचारा की तुम्ही पोलिसांना असं सांगितलं होतं का. तो "नाही" म्हणाला की कोर्टाला सांगून त्या भागावर "पोर्शन मार्क ए" अशी खूण करून घ्या. काम अजून झालेलं नाही. आय.ओ. साक्षीला आला की त्याला तोच भाग दाखवून विचारायचं की साक्षीदाराने असं सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलं का, तो "हो" म्हणाला की मग ती विसंगती शाबित होते आणि निशाणी पडते. हा दुसरा टप्पा विसरला की पहिल्याचा काही उपयोग नाही, आणि साक्षीदार ते आय.ओ. यामध्ये कधीकधी दोन वर्षं जातात, म्हणून त्या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "पोर्शन ए, आय.ओ.ला विचारणे".

आपल्या उदाहरणात पहिल्या जबाबातलं "चेहरे दिसले नाहीत" ही थेट विसंगती. तोच जबाब जर चेहऱ्याबद्दल गप्पच असता आणि कोर्टात नाव आलं असतं तर ती आधी सांगायची राहून गेलेली गोष्ट, म्हणजे ओमिशन, आणि तेही महत्त्वाचं असेल तर विसंगतीच धरतात. शर्टाचा रंग सांगायचा राहिला यावर अर्धा तास भांडू नका, कोर्ट कंटाळतं आणि मोठी गोष्ट छोट्या गोष्टींत बुडते.

बाकी कागदांना थोडी मर्यादा आहे. नुसतं चारित्र्य डागाळणाऱ्या प्रश्नाला साक्षीदाराने "नाही" म्हटलं तर ते उत्तर अंतिम, त्याच्याविरुद्ध वेगळा पुरावा आणता येत नाही, कलम १५६. अपवाद दोन: आधीची शिक्षा नाकारली तर ती सिद्ध करता येते, आणि पक्षपात दाखवणारी गोष्ट नाकारली तर तीही. लाच किंवा लालूच घेतल्याचा पुरावा कलम १५८ खाली आणता येतो. म्हणून एखाद्या चालू गुन्ह्याचा कागद "हा वाईट माणूस आहे" म्हणून वापरू नका, "या गुन्ह्यामुळं तो पोलिसांच्या हातात आहे" म्हणून वापरा, दुसरा मार्ग टिकतो.

सरकारी वकील वाचत असतील तर त्यांच्यासाठी

१९९९ च्या शिवकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षा व्हावी अशी तहान ठेवू नये, आरोपीला मिळायला हवा तो फायदा दडवू नये. व्यवहारात एकच सवय पुरते, केस हातात आली की आय.ओ.ला लेखी विचारायचं की या साक्षीदारांचे आणखी जबाब आहेत का, कुणाला काही आश्वासन दिलंय का, कुणावर गुन्हे आहेत का, आणि उत्तर फाइलला लावायचं. साक्षीदाराला सुरक्षेचा धोका असेल तर पत्ता, फोन नंबर झाकून द्या, कोर्टाकडून तसा आदेश घ्या, पण जबाबच दडवू नका. कलम २३० आता पीडिताच्या वकिलालाही नकला देतं, आणि पीडिताच्या बाजूनेही विचार करा, खरा साक्षीदार पहिल्या जबाबासकट उलटतपासाला टिकतो, घाबरल्यामुळं आधी नाव घेतलं नाही असं सांगू शकतो. पण जबाब दडवलेला होता हे दोन वर्षांनी उघड झालं तर त्याची खरी साक्षही संशयात जाते आणि नुकसान त्या जखमी माणसाचं होतं.

पायरी ८: नाकारलं किंवा उशिरा दिलं तर

आदेश लेखी आणि कारणांसह मागा. "पुढे बघू" हा आदेश नव्हे. नामंजूर झाला तर प्रमाणित नक्कल लगेच काढा आणि हायकोर्टात जायचं की नाही ते वकिलाशी बसून ठरवा, कारण प्रत्येक नकारावर वर गेलं तर खटला लांबतो आणि आरोपी आत असेल तर ते त्यालाच महाग पडतं. माझं मत असं की मुख्य नेत्रसाक्षीदाराचा किंवा माफीच्या साक्षीदाराचा कागद असेल तर जावं, पंचाचा असेल तर आक्षेप नोंदवून पुढं चालावं.

साक्षीदाराची साक्ष होऊन गेल्यावर कागद मिळाला तर कलम ३४८ खाली त्याला परत बोलावण्याचा अर्ज करा, त्यात कागद कधी मागितला, कधी मिळाला, आणि कुठले दोन-तीन प्रश्न विचारायचे राहिले ते लिहा. "पुन्हा उलटतपास घ्यायचा आहे" एवढ्यावर तो मिळत नाही. कागद शेवटपर्यंत आलाच नाही तर युक्तिवादात साक्ष अधिनियम कलम ११९ चा आधार घ्या, हातात असलेला पुरावा आणला नाही तर तो त्यांच्याविरुद्ध जाणारा होता असं कोर्ट धरू शकतं. शकतं म्हटलंय, धरेलच असं नाही.

अपिलात पहिला प्रश्न येतो की तुमचं नुकसान काय झालं आणि खालच्या कोर्टात तुम्ही मागितलं होतं का. नोव्हेंबर २०२२ च्या पोन्नुसामी प्रकरणात अपिलाच्या टप्प्यावर कागद मागितले होते आणि सुप्रीम कोर्टाने ती मागणी मान्य केली नाही, यादीचा हक्क खटल्याच्या सुरुवातीचा आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वेगळी फाइल ठेवा: नकलांची पोच, प्रत्येक अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत, त्यावरचा से, आदेश, आणि त्या त्या तारखेच्या रोजनाम्याची प्रमाणित नक्कल. रोजनामा त्याच आठवड्यात काढा, आणि अर्जाचा उल्लेख त्यात आला नसेल तर पुढच्याच तारखेला कोर्टाच्या लक्षात आणून द्या.